कोल्क्यांचा गाल

लिनिएर्स, ब्युनोस आयर्स
८ मार्च १९९८

कासिल्दा,

टेलिफोनवर आपलं जे भांडण झालं, ते तुझ्या गल्लीतल्या दुकानदारिणीनं, तिच्या गिऱ्हाइकांनी आणि इकडे माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी मन लावून ऐकलं. म्हणून ठरवलंय, यापुढं पत्रच लिहायचं. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

कार्निव्हलचा फोटो पोचला. फेर्मिन खाणीच्या तोंडाशी उभा आहे, गळ्यात रंगीत कागदाच्या माळा, टोपीवर बत्ती, आणि डाव्या गालात हा एवढा कोकाच्या पानांचा तोबरा! बघून जीव निवला. मी तो माझ्या मिरच्यांच्या गाड्यावर लावलाय. आपल्या पोतोसीकडची माणसं येतात, बघतात आणि म्हणतात, "हा कोल्के दिसतोय." नाव सांगावंच लागत नाही. गाल असा भरला की समजावं, माणूस कामाचा आहे. आमच्या बाबांचा गाल अस्साच होता. ते गेले तेव्हासुद्धा तो खाली बसला नाही. पेटीत झोपवलं तरी डावा गाल फुगलेलाच. आई म्हणाली, "राहू दे, वाटेत चघळायला होईल त्यांना." सगळे रडता रडता हसले होते.

माझाही डावा गाल हल्ली भरलाय. शेजारचा बटाटेवाला विचारतो, "बेनिता, गालात मिरची ठेवतेस का?" मी म्हणते, हा कोल्क्यांचा माल आहे, तुला नाही परवडायचा.

आता तुझं गाऱ्हाणं. फेर्मिनचा दात हलतोय, हिरडी सुजलीय, आणि त्याचं चित्र काढायला सुक्रेला न्यायचं म्हणतेस. दात हलतो तर उपटून टाका. बाबांचे हलले ते त्यांनी स्वतःच्या हातानं काढले आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. सुक्रेला कुणाचं माहेर आहे हे मला सांगायला नको, बाई. दुखणं दातात आणि औषध सासुरवाडीत, हे पहिल्यांदाच ऐकतेय.

फेर्मिनला म्हणावं, अक्कानं विचारलंय.

बेनिता


पोतोसी
३ मे १९९८

वन्सं,

फोटो गाड्यावर लावलात, चांगलं केलंत. आता मी लिहिते ते मात्र गाड्यावर लावू नका.

दात एक नव्हे, दोन हलत होते. आरान्सिबिया डॉक्टरांनी एक काढला. एवढे दिवस झाले, ती जागा भरून येत नाही. सकाळी उठला की तोंडात खारट पाणी असतं, उशीवर डाग असतो. मग डॉक्टरांनी साधा एक्स-रे काढला. डाव्या जबड्याच्या हाडात काळी पोकळी दिसते. मलासुद्धा दिसली, आणि मी काही शिकलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा फोटो म्हणजे भिंतीवरची सावली. पोकळी किती खोल गेलीय, बाहेरची भिंत शाबूत आहे की नाही, हे यातून कळायचं नाही. सुक्रेला टोमोग्राफीचं यंत्र आहे. ते जबड्याचे पावासारखे काप करून दाखवतं, चाकू न लावता." तेव्हा सुक्रेला यंत्र आहे म्हणून जायचंय. माहेर तिथं आहे हा माझा अपराध नाही.

तुमचा भाऊ तयार नाही. तुम्ही गाव सोडून इतकी वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. पाळीआधी खाणीतल्या टोळीतले सगळे बाहेर बसून तोबरा भरतात. पानांची चव गेली की पाळी संपली, तेच त्यांचं घड्याळ आणि तेच जेवण. ज्याला चघळता येत नाही तो आत भूक कशी मारणार, धूळ कशी सोसणार? त्याला कुणी टोळीत घेत नाही. इलारियोनचे दात गेले तेव्हा त्याला हसत हसत बाहेर बसवला. तो आता बायकांच्या ओळीत बसून खनिजाचे दगड फोडतो. फेर्मिन मला म्हणतो, "जबड्याला हात लावू दिला तर उद्या मी इलारियोनशेजारी बसेन. मग तूच मला परकर शिवून दे."

मी त्याला म्हटलं, दुखणं अंगावर काढून कुणी मोठा होत नाही. तो म्हणाला, दुखतच नाही. हे खरंच आहे, वन्सं. त्याला दुखत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तुम्ही एक ओळ लिहिलीत तर तो जाईल. तुमचं ऐकतो. माझं ऐकायला मी कोण?

कासिल्दा


लिनिएर्स
२१ जून १९९८

कासिल्दा,

तुझी शेवटची ओळ वाचली. झोंबली. मी रोज मिरच्यांत हात घालते, तरी झोंबली.

बरं, जा घेऊन. त्याला सांग, अक्का म्हणाली जा. पण माझी एक अट आहे. त्या कापांची चित्रं आणि सोबत जो अहवाल देतील, दोन्हींची दुसरी प्रत काढून माझ्याकडे पाठव. इथल्या सरकारी दवाखान्यात मी रांग लावून दाखवीन. तिकडच्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही, आणि तुझ्यावर त्याहून थोडा कमी. तू दाताचा डोंगर केला आहेस असंच मला अजून वाटतं. आमच्या घरात आजवर कुणी जबड्यानं आजारी पडलेलं नाही.

आणि चित्र काढण्याआधी त्याला नीट जेवू घाल.

बेनिता


पोतोसी
३० ऑगस्ट १९९८

वन्सं,

जेवू घालू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. पोट आणि तोंड दोन्ही रिकामं हवं. तेव्हा पहाटेच्या बसमध्ये चढल्यापासून मी त्याला पाण्याशिवाय काही दिलं नाही. पानांचा बटवा घरून निघतानाच काढून घेतला. तुमचा भाऊ वाटभर माझ्याकडे असा बघत होता, जशी मी त्याची नस कापलीय. एकदा म्हणाला, "एक पान." मी म्हटलं, "अर्धंसुद्धा नाही." पुढं बेतान्सोसचा घाट उतरेपर्यंत आमचं बोलणं बंद.

माझ्या आईकडे आम्ही गेलो नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते. स्टँडवरून थेट दवाखान्यात गेलो.

यंत्र म्हणजे एक मोठं कडं आहे आणि त्यातून सरकणारा बाक. हनुवटीला पट्टा बांधतात, हलायचं नाही, गिळायचंसुद्धा नाही. कानातलं, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं. यंत्र चालवणारा पोरगेलासा माणूस होता, तो फेर्मिनला काहीतरी विचारत होता तेवढ्यात दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले, मांडीवर त्याची टोपी, सदरा आणि बटवा. बटव्याला त्याच्या हाताचा वास येत होता. मी रडले, आता लपवण्यात काय अर्थ आहे? शेजारी एक म्हातारी होती, तिनं मला एक संत्रं दिलं.

बाहेर आला तो हसत. म्हणाला, "तुझ्या आईच्या भट्टीपेक्षा बरं आहे, आत गार वाटतं." बटवा माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि तिथंच दारात पानं भरली.

दोन दिवसांनी अहवाल आला. हाडात पाण्याची पिशवी झालीय, बाकी काही नाही. आरान्सिबिया डॉक्टर म्हणाले, खरवडून काढू, सोपं आहे, पुढच्या महिन्यात येऊन जा. सोबत चित्रांची प्रत आणि अहवाल पाठवतेय. आमच्या समोरचा प्रोकोपियो बसनं तिकडं कामाला निघालाय, त्याच्या हाती. घ्या, दाखवा कुणाला दाखवायचं ते. माझ्यावर विश्वास कमी आहे ना, आता यंत्रावर तरी ठेवा.

कासिल्दा


लिनिएर्स
१८ ऑक्टोबर १९९८

कासिल्दा,

हे पत्र नीट बसून वाच. भांडायला लिहीत नाही.

प्रोकोपियोनं पाकीट उशिरा दिलं, त्याचं काय करायचं ते मी बघेन. पाकीट घेऊन दवाखान्यात गेले. जबड्याच्या विभागात ब्रुसोने म्हणून डॉक्टरीण आहेत. तोंडानं फटकळ, पण वेळ देतात. त्यांनी तो मोठा काळा कागद उजेडाच्या काचेवर लावला. त्यावर चौकोनाला लागून चौकोन, प्रत्येकात फेर्मिनच्या जबड्याचा एकेक काप. घोड्याच्या नालासारखा दिसतो. उजवीकडचं हाड पांढरंशुभ्र, भरीव. डावीकडचं हाड फुगलेलं, आतून पोकळ, आणि बाहेरची भिंत कांद्याच्या सालीइतकी पातळ. एका जागी तर भिंतच नाही. तिथून काहीतरी करडं बाहेर गालात आलंय.

त्यांनी त्या करड्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, बाई, तुम्ही डॉक्टर. त्यांनी अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलंय: डाव्या गालात कोकाच्या पानांचा गोळा, रुग्णाच्या सांगण्यावरून.

बाई म्हणाल्या, "चघळलेल्या पानांत हवा अडकते. कापात तिचे बारीक काळे ठिपके दिसायला हवेत. इथं एकही नाही. ज्यानं अहवाल लिहिला त्यानं असे फुगलेले गाल रोज बघितले असणार. माणूस म्हणाला पान, यानं लिहिलं पान. मला सांगा, त्या दिवशी तोंडात खरंच पान होतं का?"

कासिल्दा, मी तिथं उभी होते आणि मला तुझं पत्र आठवलं. बटवा तुझ्या मांडीवर होता. अर्धं पानसुद्धा दिलं नाही असं तूच लिहिलंस. मग त्याच्या गालात काय होतं?

आणि मी तो फोटो गाड्यावर लावून मिरवतेय. काखेत कळसा म्हणतात तो हा. कार्निव्हलातसुद्धा तो तोबरा नसेल. त्यानं आपल्या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली.

बाईंचं म्हणणं असं. या एका जातीच्या पिशव्या असतात. कर्करोग नव्हे, पण हट्टी. आधी तुकडा काढून तपासायचा, मग आजूबाजूच्या हाडासकट ती जागा साफ करायची. गालात आलेलं मागं ठेवून नुसतं आतलं खरवडलं, तर ती परत येते आणि दुसऱ्या वेळी जास्त खाते. म्हणून आरान्सिबियाला हात लावू देऊ नकोस. त्याला इकडे पाठव. इथं त्या स्वतः करतील. मी त्यांच्या पायाशी बसायचीच बाकी होते.

घरात आणखी कुणाला असं होतं का, असंही विचारत होत्या. कधीकधी घराण्यात चालतं म्हणे. मी म्हटलं, छे, आमच्याकडे सगळ्यांचे दात गारगोटी.

लवकर पाठव.

बेनिता


पोतोसी
८ नोव्हेंबर १९९८

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा वरातीमागून घोडं आलं म्हणायचं. सप्टेंबर संपतानाच डॉक्टरांनी पिशवी खरवडली. वाटीभर घाण निघाली, ती फेकून दिली. तपासायला कशाला पाठवायची, अहवालात स्पष्ट लिहिलंय, असं ते म्हणाले. आणि गाल बसला, वन्सं! माझ्या डोळ्यांनी बघितला, सपाट. इतक्या दिवसांनी मला त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या.

मेलेल्यांच्या सणाला आम्ही कबरस्तानात गेलो, तुमच्या आईबाबांच्या कबरीवर पावाच्या बाहुल्या ठेवल्या. तो सगळ्यांशी बोलला, दारू प्यायला, गाणंही म्हटलं. सोमवारपासून टोळीत परत घेतलंय. तोबरा उजव्या गालात भरतो. पोरं चिडवतात, "कोल्के, बायकोनं गाल फिरवला काय रे?"

म्हणून तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. हसतोय तो, खाणीत जातोय, आणि मी जाऊन त्याला सांगू की तुझा जबडा पुन्हा उघडायचा? तुमच्या बाईंनी चित्र बघितलं, माणूस बघितला नाही. गालात थोडं जुनं पान अडकलेलं असेल. त्याच्या दाढेत कालची पानं आज सापडतात, मला ठाऊक आहे.

खरं कारणही लिहिते, म्हणजे मनात राहायला नको. इथून ब्युनोस आयर्सला गेलेले किती नवरे परत आले? प्रोकोपियोची बायको माझ्या समोरच राहते. तुम्ही आधी म्हणालात काहीच झालेलं नाही, मी खोटारडी. आता म्हणता खूप झालंय, आणि ते बरं व्हायचं तर तुमच्याच घरी. दोन्ही वेळा शहाण्या तुम्हीच.

नाताळच्या शुभेच्छा आताच लिहून ठेवते.

कासिल्दा


लिनिएर्स
७ मार्च १९९९

कासिल्दा,

मधली माझी दोन पत्रं तू वाचली नाहीस, असं धरून चालते.

प्रोकोपियो कार्निव्हलला गावी येऊन गेला. त्यानं काढलेले फोटो दाखवले. एकात फेर्मिन आहे. डावा गाल भरलेला आहे.

एवढंच लिही: त्यानं तोबरा कुठल्या गालात भरला होता?

बेनिता


पोतोसी
४ जुलै १९९९

वन्सं,

उजव्या.

हा एक शब्द लिहायला मला एवढे महिने लागले. मार्चमध्ये पत्र आलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, तो पटकन पाठ करून बसला. तेव्हाच कळलं. मग एप्रिलमध्ये खालचे दात एकामागून एक सैल झाले. मेमध्ये तो काळापुर्का पीत होता, गरम दगड घातलेलं ते सूप, त्याच्या आवडीचं. नुसतं सूप, वन्सं, हाडूक नाही की काही नाही. काड असा आवाज आला. मला वाटलं वाडगा फुटला. जबडा मोडला होता.

पुन्हा सुक्रे, पुन्हा तेच कडं, तोच बाक. या वेळी मी दारात पाय घालून उभी राहिले, त्यांना बंद करू दिलं नाही. यंत्रवाला तोच. त्यानं विचारलं, "तोंडात काही आहे का, दादा? पान वगैरे?" मी बाहेरून ओरडले, "त्याच्या तोंडात काही नाही! नीट लिहा, काही नाही!" तो बिचारा घाबरला. फेर्मिननं डोळे मिटून घेतले.

या वेळच्या कापांत हाड शोधावं लागतं. हनुवटीपासून कानापर्यंत डावीकडे घरंच घरं झालीत, वारुळात असतात तशी. ला पासला पाठवलं. तिथं अर्धा जबडा काढला. हनुवटीपासून कानापर्यंत. आता तिथं धातूची पट्टी आहे. कंबरेचं हाड काढून पुढं कधीतरी बसवू म्हणाले. त्या वेळी तुकडा तपासायला पाठवला. तुमच्या ब्रुसोने बाईंनी म्हटलं होतं तेच निघालं, शब्दाला शब्द. डॉक्टर मला म्हणाले, "ही पहिल्या चित्रातच दिसत होती. तेव्हा कुणी सांगितलं नाही का?" सांगितलं होतं, ते माझ्या कपाटात होतं.

जीव वाचलाय. सगळे मला असंच सांगतात, जीव वाचला, देवाचे आभार मान. मी मानते. मग घरी येऊन त्याला चमच्यानं चुनो, तो सुकवलेला बटाटा, कुस्करून भरवते, अर्धा डाव्या बाजूनं बाहेर येतो, आणि तो माझ्या हातावर चमचा आपटतो. बोलणं मला समजतं, बाकी कुणाला नाही. गाल आता आत गेलाय, खूप आत.

तुम्ही म्हणाल, मी सांगितलं होतं. म्हणा. मार्चपूर्वी तुमचा शब्द मला विषासारखा लागायचा, आता तुम्ही गप्प आहात तेही तसंच लागतं. पण वन्सं, सुरुवातीचे महिने तुम्हीही खाल्लेत. "दुखणं दातात आणि औषध सासुरवाडीत", हे वाक्य मी विसरलेले नाही. तुम्ही गेल्या वर्षी मार्चमध्येच "जा" म्हणाला असतात, तर ते हाड फोडून बाहेर यायच्या आत चित्र निघालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देणार? मी तुम्हाला देते. तुम्ही मला द्या. दोघींना पुरून उरेल एवढा आहे.

तो म्हणतो, मला अक्काला लिहायचंय, कागद दे. दिलाय.

कासिल्दा


पोतोसी
२२ ऑगस्ट १९९९

अक्का,

बोललेलं कुणाला कळत नाही म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला माहीतच आहे, हसू नकोस.

तुमची सगळी पत्रं कासिल्दानं मला वाचून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुझीही आणि तिनं पाठवलेल्यांतलं तिला आठवलं तेही. एक संध्याकाळ त्यातच गेली. चांगली भांडता. माझ्या गालावरून वर्ष दीड वर्ष भांडलात. पण दोघींपैकी एकीनं तरी गालाला बोट लावून बघितलं? कासिल्दानं एकदा लावलं होतं, गेल्या वर्षीच्या कार्निव्हलात, गालाला पीठ चोपडताना. म्हणाली, "कडक आहे रे." मी म्हणालो, पान सुकलंय. तिनं मानलं. तिला मानायचंच होतं, मला सांगायचं नव्हतं, झालं.

मी आता इलारियोनशेजारी बसतो. बायका बऱ्या आहेत, टोळीतल्यांपेक्षा कमी बोलतात. सकाळी टोळी आत जाताना कुणीतरी सवयीनं बटवा माझ्यापुढं धरतो आणि मग आठवून मागं घेतो. रोज कुणीतरी विसरतोच. शुक्रवारी मला आत नेतात, खाणीतल्या तीओपुढं. मातीचा देव आहे तो, तोंड उघडं ठेवून बसलेला, तुला आठवत असेल. माझ्या वाटची पानं मी त्याच्या तोंडात भरतो.

तू आणि कासिल्दा दोघी एकच विचारता, यंत्रवाल्याला खोटं का सांगितलं. सांगतो. तिला सांगितलं नाही, तुला सांगतो, कारण हे तुझंही आहे.

बाबा गेले तेव्हा तू बाहेर बायकांत बसली होतीस. अंघोळ घालायला आत मी आणि आई होतो. मी सोळा वर्षांचा होतो. आई म्हणाली, "तोंड मिटवायचंय." तोबरा काढायला मी त्यांच्या डाव्या गालात बोट घातलं. पान नव्हतं, अक्का. एकही नव्हतं. आत मऊ असं काही नव्हतंच. हाडच गालाएवढं झालेलं होतं आणि बोट लागलं तिथं ते दबलं. मी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं, बघता क्षणी कळलं मला. ती म्हणाली, "पान आहे म्हण." बाहेर येऊन मी तेच म्हणालो. मग ती तुम्हा सगळ्यांना म्हणाली, राहू दे, वाटेत चघळायला होईल. तुम्ही हसलात.

सुक्रेत त्या पोरानं विचारलं, तोंडात काय आहे? माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे आईनं शिकवलं होतं. पान नाही म्हटलं असतं, तर मग काय आहे ते मला ठाऊक होतं.

हे लिहिण्याचं कारण दुसरंच आहे. कासिल्दानं तुझं पहिलं पत्र वाचलं. बटाटेवाला तुला विचारतो, गालात मिरची ठेवतेस का. मी तिला ती ओळ परत वाचायला लावली. कुठला गाल म्हणालीस? डावा. अक्का, तू तर आयुष्यात कधी पान चघळलं नाहीस.

उद्याच गाडा बंद ठेव आणि त्या ब्रुसोने बाईंकडे जा. घरात कुणाला होतं का, असं त्या परत विचारतील. यंत्राच्या बाकावर निजवून तोंडात काय आहे, तेही विचारतील.

खरं सांग.

फेर्मिन